रामधनभाऊंचा लांबचा नेम

आमच्या टेलिफोन ऑफिसात बदलून आलेल्या प्रत्येक नव्या साहेबाला रामधन चव्हाण पहिल्यांदा दिसायचे ते पालथे पडलेले.

ऑफिसचा लांबलचक व्हरांडा. त्याच्या एका टोकाला हे पोटावर आडवे. दोन्ही कोपरं फरशीला टेकलेली, गाल एका लोखंडी पहारीला लावलेला, डावा डोळा मिटलेला. साहेब दचकून विचारायचे, "काय झालं यांना?" चक्कर आली असेल, शॉक बसला असेल, काय वाटेल ते त्या बिचाऱ्यांच्या मनात येऊन जायचं. तेवढ्यात पहारीमागून शांत आवाज यायचा, "साहेब, जरा उजवीकडं सरका. तुमी नेमात येऊन राहिले."

साहेब सरकायचे. पुढची दोन-तीन वर्षं सरकतच राहायचे.

रामधनभाऊ आमचे लाईनमन. हिंगोलीहून पुसेगावकडं जाणारी तारांची लाईन त्यांच्याकडं होती. पुसेगावच्या अलीकडच्या एका तांड्यावर त्यांचं घर. अंगानं काटकुळे, रंगानं खांबासारखे, आणि पायात भिंगरी. जमिनीवर पालथे पडलेले असताना सोडलं, तर हा माणूस एका जागी कधी थांबलेला मी पाहिला नाही. चहा उभ्यानं. विडी चालता चालता. एकदा ऑफिसची सगळी मंडळी कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यावर जेवायला गेलो, तर हे ताट हातात घेऊन बाहेर उभ्या असलेल्या ट्रकांना चकरा मारत जेवले. भाकरी संपली की आमच्यापाशी यायचे, दुसरी उचलायचे, पुन्हा ट्रकांकडं. "बसा की हो भाऊ," म्हटलं तर म्हणाले, "बसलं का अन्न खाली उतरत न्हाई ताई."

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा ट्रंक बोर्डावर ऑपरेटर होते. कानावर हेडफोन, समोर दिवे, आणि हातात वायरींचा गुंता. लांबचा फोन लागायला अर्धा-अर्धा तास जायचा, आणि तो लागेपर्यंत रामधनभाऊ माझ्या खोलीत येरझारा घालायचे. त्यांचे सगळे फोन लांबचेच असत. नागपूर, अकोला, नांदेड, एकदा तर थेट हैदराबाद. आणि सगळे बंदुकीच्या दुकानांना.

"हॅलो, हिंगोलीहून चव्हाण बोलून राहिलो. ती मागच्या महिन्यातली रायफल हाय का गेली? हाय? बरं. नळी आतून कशी हाय? ... न्हाई न्हाई, घ्यायची न्हाई आज. इचारून राहिलो."

असं सात वर्षं चाललं होतं. परभणीची ऑपरेटर फोन जोडून देता देता मला विचारायची, "घेतली का गं तुमच्या चव्हाणांनी बंदूक?" मी म्हणायची, "नळी बघताहेत अजून."

हे वेड त्यांना लागलं होमगार्डच्या शिबिरात. तरुणपणी ते होमगार्डात होते. तिथं एकदा प्रत्येकाला पाच गोळ्या मारायला दिल्या. रामधनभाऊंच्या पाचही गोळ्या लांबच्या पाटीवर लागल्या. शिकवणाऱ्या जमादारानं त्यांच्या पाठीवर थाप मारली. त्या पाच गोळ्या ते मला किती वेळा सांगत! कोणती गोळी कुठं लागली, वारा कोणीकडून होता, तिसऱ्या वेळी कानाशी माशी कशी घोंगावत होती. आपली स्वतःची रायफल असावी आणि लांबच्या पाटीवर नेम मारावा, एवढीच त्यांची इच्छा. शिकारीचं नाव काढलं तर कानाला हात लावायचे. "मारायचं कोनाला न्हाई ताई. फकस्त लावायचं हाय."

"पण लांबचंच कशाला?" मी विचारायची.

"जवळचं तं कोनालाबी लागतं," एवढं बोलून ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलेले असत.

बंदूक निवडायचे त्यांचे नियम आमच्या सगळ्या ऑफिसला पाठ झाले होते. रायफल एका पगारात बसली पाहिजे, आणि पगारातलं घरीही थोडं गेलं पाहिजे. पैसे कमी असतील तर नळीवर घालावेत, लाकडाच्या पॉलिशवर घालू नयेत. मागचा दस्ता कोपराच्या खोबणीत ठेवला तर बोट बरोबर घोड्यावर यावं. घोडा असा हलका असावा, की तो कधी सुटला हे आपल्यालाही कळू नये. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे एकाच जागी दहा गोळ्या मारून बघायच्या. "नेम चुकला तरी चालतो ताई. पण एकाच जागी चुकाया पाहिजे. आज हिकडं, उद्या तिकडं, तसली बंदूक कामाची न्हाई. एकाच जागी चुकली, तं आपुन तेवढं सरकून घेतो."

हा नियम ते माणसांनाही लावायचे. आमचे एक साहेब रोज पावणेबाराला यायचे. सगळे कुरकुर करायचे. रामधनभाऊ म्हणायचे, "रोज पावनेबारा म्हंजे माणूस भरोशाचा हाय. तेवढं सरकून घ्या."

या नियमांत एक भलताच विचित्र नियम होता. बंदुकीचा स्वतःचा आवाज बारीक पाहिजे, पण निशाणाला लागल्यावर लांबून टण् ऐकू आलं पाहिजे. हे त्यांनी फोनवर विचारलं की पलीकडचा दुकानदार गप्पच व्हायचा. "तुम्हाला बंदूक पाहिजे का घंटा?" असं अकोल्याचा एकजण म्हणालाही होता.

खऱ्या रायफलीसाठी लायसन लागतं. ते मागायला रामधनभाऊ कचेरीत गेले. अर्जात 'कारण' असा एक रकाना होता. त्यांनी लिहिलं, 'लांबचा नेम.' तिथल्या कारकुनानं चष्मा वर केला. म्हणाला, "असं कारण नसतं. पिकाची राखण लिहा."

"पीक हाय. डुकरंबी येतात. पन आमची बायको पत्र्याचा डबा वाजवती, त्येच्यानंच पळून जातात. खोटं कसं लिहू?"

"मग जिवाला धोका लिहा."

थोडा विचार करून रामधनभाऊंनी जिवाला धोका लिहिलं. खांबावर चढावं लागतं, धोका तर आहेच, असा त्यांचा हिशोब. महिन्याभरानं चौकशीला एक हवालदार सायकलवरून तांड्यावर आला. चावडीपुढं बसून त्यानं एकेकाला बोलावलं आणि विचारलं, "या चव्हाणांचं वैर कोणाशी आहे?" सगळा तांडा विचारात पडला. शेवटी कोणीतरी सांगितलं, बांधावरून एकदा शेजाऱ्याशी बोलाचाली झाली होती. शेजाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "वैर? अवो माझ्या पोरीच्या लग्नात तीन दिवस पानी वाहिलं त्यानं! त्येच्या जिवाला कोन धोका करून राहिलं, मला नाव सांगा, मी बघतो."

हवालदार जेवून गेला आणि त्यानं कळवून टाकलं की सदर इसमास कोणापासूनही धोका दिसून येत नाही.

आठ दिवस रामधनभाऊ उदास होते. "पंदरा वर्सं नौकरी केली ताई," ते म्हणाले, "येक दुस्मन न्हाई. काय कमावलं मग मानसानं?"

म्हणून मग छर्ऱ्याची बंदूक, हवेच्या दाबावर उडणारी. तिला तेव्हा लायसन लागत नसे. नांदेडला मला नणंदेच्या लग्नाचं कापड घ्यायचं होतं, आणि रामधनभाऊंना ऑफिसचं एक यंत्र दुरुस्तीला पोचवायचं होतं, म्हणून एकाच एसटीनं गेलो. आखाडा बाळापूरला गाडी दहा मिनिटं थांबली. तेवढ्यात ते गाडीला तीन प्रदक्षिणा घालून आले. नांदेडात यंत्र पोचवलं आणि मला म्हणाले, "ताई, पाचच मिंटं. तुमी साक्षीला या."

दुकान जुनं, मालक म्हातारा. त्यानं पाच-सहा बंदुका काउंटरवर मांडल्या. रामधनभाऊंनी एकेक उचलली. नळी उघडून तिच्यातून रस्त्यावरचा उजेड पाहिला. बंदूक मधून वाकवून पुन्हा जुळवली, सांधा हलतो का ते कानाशी धरून ऐकलं. दस्ता कोपरात ठेवला. घोडा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग म्हणाले, "जरा आडवं होतो."

आणि झाले. आत गोदामाच्या भिंतीकडं तोंड करून, दुकानाच्या मधोमध. पाय थेट उंबऱ्यापर्यंत. तेवढ्यात एक कुटुंब फटाक्यांची टिकली-बंदूक विचारायला आलं आणि दारातच थबकलं. मालक हात जोडून म्हणाला, "अहो उठा, गिऱ्हाईक पळतंय." रामधनभाऊंना ऐकूच गेलं नाही. मी पहिल्यांदाच त्यांना एवढ्या जवळून तसं पडलेलं पाहत होते. सबंध अंगात नुसता श्वास हलत होता. सकाळपासून एसटीत गुडघा हलवून हलवून त्यांनी माझी पिशवी दोनदा पाडली होती, आणि तोच माणूस आता ठेवलेल्या वस्तूसारखा निवांत पडला होता.

शेवटी उठले. "ही बराबर हाय. पन शंबर मीटरला टण् होईल का?"

"शंभर?" मालक म्हणाला. "ही दहा मीटरची. फार तर वीस."

"पन छर्रा जातो का न्हाई शंबरला?"

मालकानं त्यांच्याकडं नीट पाहिलं. माणूस चेष्टा करत नाही, हे त्याला कळलं असावं. तो हळू आवाजात म्हणाला, "जातो हो. पण दमून जातो."

येताना एसटीत रामधनभाऊ खिडकीबाहेर बघत पुन्हा पुन्हा म्हणत होते, "दमून जातो." बंदूक घेतली नाहीच.

मग एका पावसाळ्यानंतर त्यांचं वागणं एकदम बदललं. फोन करणं बंद झालं. व्हरांड्यात पालथं पडणं बंद झालं. सारखे रजा मागू लागले. एक दिवस माझ्या खोलीत येऊन म्हणाले, "ताई, आता घ्यावीच लागती. टाईम न्हाई." कशाला टाईम नाही, ते सांगायच्या आत निघूनही गेले.

कळमनुरीला एक रिटायर कंपाउंडर होते. त्यांनी परसातल्या पपयांवर येणारी वानरं हाकायला कधीकाळी छर्ऱ्याची बंदूक घेतली होती. वानरं तिला भीत नाहीत असं दिसल्यावर ती माळ्यावर टाकली होती. दस्त्याला चीर गेलेली, पॉलिश उडालेलं. रामधनभाऊंनी ती तिथंच परसात आडवं होऊन दहा वेळा उडवली. समोर भिंतीवर काडेपेटी ठेवलेली. एकही छर्रा काडेपेटीला लागला नाही. दहाच्या दहा चार बोटं डावीकडं, एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत.

"येकाच जागी चुकली ताई!" दुसऱ्या दिवशी सांगताना त्यांचा आवाज चिरकला होता. "सात वर्सं जी हुडकून राहिलो, ती कळमनुरीत माळ्यावर पडेल होती!" चिरलेल्या दस्त्याला त्यांनी खात्याची काळी टेप गुंडाळली होती. चादरीत बांधून ती बंदूक त्यांनी ऑफिसात आणली, तेव्हा ती बघून पावणेबाराचे साहेब दारातच थबकले आणि त्या दिवशी बाराला आत शिरले.

दोन-तीन महिन्यांनी मला म्हणाले, "ताई, ऐतवारी तांड्यावर या. नेम दाखवतो. दीडशे पावलांवर टण् होऊन राहिलं."

"दीडशे? त्या वानराच्या बंदुकीनं?"

"या तं खरं."

आमचे हे आणि मी स्कूटरवर गेलो. तांड्याच्या कडेला रामधनभाऊंचं घर, पुढं मोकळं रान. चिंचेखाली बाज टाकलेली, आणि तिच्यावर त्यांचे वडील. सगळे त्यांना बापू म्हणायचे. ऐंशीच्या पुढचे असतील. डोळे दोन्ही गेलेले. पावसाळ्यात पाय घसरून पडले आणि तेव्हापासून बाज धरलेली, असं रामधनभाऊंच्या बायकोनं, शेवंतावहिनींनी, मला आत नेऊन सांगितलं. पडल्यावर बापूंनी बोलणंच टाकलं होतं. जेवणसुद्धा दोन घासांवर आलं होतं.

वहिनींकडूनच मला बाकीचंही कळलं. बापू निजामाच्या काळापासूनचे नेमबाज. त्यांच्याकडं ठासणीची बंदूक होती. होळीला ते रानात लांब एका बाभळीला लोखंडी तवा टांगायचे आणि सगळ्या तांड्यासमोर नेम मारायचे. आधी बार, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग टण्! तो टण् झाला की तांडा ओरडायचा. पुढं ती बंदूक कचेरीत जमा झाली ती झालीच. मग डोळे गेले. "पन त्या आवाजाची सारकी आठवन काढायचे," वहिनी म्हणाल्या. "तव्याचा आवाज ऐकून लई वर्सं झाली, म्हनायचे. ह्येंनी तव्हाच कबूल केलतं, मी ऐकवीन म्हनून."

म्हणजे सात वर्षं चाललं होतं ते हे. आणि त्या घंटेसारख्या नियमाचा अर्थही मला तेव्हा लागला.

बाहेर आले तर रामधनभाऊ बाजेच्या अगदी लगत, मातीत पालथे पडलेले. समोर दूर, बाभळीला तवा. मला तो दुपारच्या उन्हात काळ्या टिकलीएवढा दिसत होता. वहिनी डोक्यावर टोपलं घेऊन म्हणाल्या, "मी जरा तिकडून मिरच्या तोडून आणते," आणि बांधाच्या पलीकडं दिसेनाशा झाल्या.

"बापू, मारून राहिलो," रामधनभाऊ म्हणाले.

बापूंनी मान हलवली. एक हात कानामागं नेला. दुसरा बाजेवरून खाली सोडला.

बराच वेळ काही झालं नाही. मग 'फट्' असा बारीक आवाज. आणि मग लांबून, अगदी स्पष्ट, टण्.

"लागलं!" बापू म्हणाले. सगळ्या चेहऱ्यावर सुरकुत्या पसरल्या. मीही टाळ्या वाजवल्या. रामधनभाऊंनी बंदूक मधून वाकवली, छर्रा घातला, पुन्हा गाल टेकवला. फट्. टण्. बापू म्हणाले, "जरा खाली लागलं. वर धर." तिसऱ्या वेळी भलतंच झालं. टण् आधी झालं आणि फट् नंतर.

रामधनभाऊ खोकायला लागले. बापू शांतपणे म्हणाले, "ही गोळी लई तेज गेली."

मला राहवलं नाही. तवा बघून येते म्हणून मी कडेकडेनं लांब वळसा घालून बांधामागं गेले. तिथं शेवंतावहिनी दगडी बांधाच्या आडोशाला बसलेल्या. मांडीवर मिरच्यांचं टोपलं, हातात गोटा. तव्याला एक दोरी बांधून तो बांधाच्या कडेला, त्यांच्या हाताच्या टप्प्यात ओढून घेतलेला.

"वहिनी! हे काय?"

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "काय करावं ताई? छर्रा इतवर येतच न्हाई. त्या बोरीपाशी पडून जातो. पहिल्या दिशी पन्नास छर्रे मारले ह्येंनी. आवाजच न्हाई. बापू तिकडं कान लावून पडेल. मला बघवलं न्हाई, मी हातातला गोटा हाणला तव्यावर. ते लागलं म्हनून ओरडले, आन् त्या दिशी दीड भाकर खाल्ली. आता सोडावं कसं?" मग जरा ओशाळून म्हणाल्या, "मगाशी मिरची तोडता तोडता हात आधी पडला. कळलं का हो त्यायला?"

"नाही," मी म्हटलं. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

परत आले. रामधनभाऊ चहाचं बघायला आत गेले, आमचे हे स्कूटरशी खटपट करत होते. बाजेपाशी बापू आणि मी. घरात ते गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलायचे, माझ्याशी मराठीत बोलले.

"पाहून आल्या का बाई?"

"हो बापू. छान लागलेत."

ते हसले. तोंडात एकही दात नाही. "शेवंताचा हात आज लवकर पडला," म्हणाले.

मी बाजेच्या काठावर टेकले.

"चाळीस वर्सं बंदूक धरली म्या. तव्याला छर्रा लागल्याला कसा वाजतो आन् गोटा कसा वाजतो, त्ये मला कळत न्हाई व्हय? डोळे गेले, कान न्हाई गेले."

"मग बोलत का नाही तुम्ही?"

बापूंनी खाली सोडलेला हात थोडा हलवला. तिथं मातीत मघाशी रामधनभाऊ पडले होते, त्या जागेवर कोपरांच्या दोन खळग्या उमटल्या होत्या.

"बोललो तं उठून जाईल पोरगं. लहानपनापासून पळूनच राहिलं बगा. मायच्या मांडीवर सुदिक बसलं न्हाई कवा. आता दर ऐतवारी दोन-दोन घंटे माझ्यापाशी पडून राहतं. हात खाली सोडला का त्येच्या पाठीला लागतो. श्वास घेतलेला कळतो." जरा थांबून म्हणाले, "तुमी सांगू नका त्येला. लई मेहनतीनं फसवून राहिला."

मी सांगितलं नाही. निघताना रामधनभाऊ स्कूटरपर्यंत सोडायला आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "शेवंतापाशी गेल्त्या तुमी. बापूला काई बोलल्या न्हाई ना?" मी म्हटलं, "नाही हो." एका घरात एका तासात दोघांना एकच वचन देऊन मी हिंगोलीला आले.

बापू त्यानंतर आठ-नऊ महिने होते. वहिनी सांगायच्या, शेवटच्या आठवड्यात बोलणं बंद झालं तरी टण् ऐकलं की बोट उचलायचे.

तेरावं करून रामधनभाऊ कामावर आले. तोवर ऑफिस बदललं होतं. लोक घरूनच थेट लांबचे फोन लावायला लागले होते. माझ्या बोर्डावर दिवसाला पाच-सहा दिवे लागायचे, लवकरच तो बोर्डही निघणार होता. रामधनभाऊ मात्र आता पूर्वीपेक्षा जास्त पळत होते. तक्रार यायच्या आत लाईनीवर जायचे. जेवायचा डबा सायकलला तसाच लटकलेला परत यायचा. बंदुकीचा विषय मी काढला तर हूं म्हणून बाहेर.

एका दुपारी ते माझ्या खोलीच्या दारात आले. आत आले, बाहेर गेले, परत आले. चौकटीला हात लावून म्हणाले, "ताई, म्या लई वंगाळ केलं."

"काय झालं?"

"बापूला फसवलं. आंधळ्या मानसाला. तुमी तं पाहिलं." ते पुन्हा दाराबाहेर जाऊन आले. "आजारात त्यानं इचारलं मला, किती लांब होता रं तवा? म्या म्हनलो दीडशे पावलं. त्यो म्हनला, शाब्बास. गोट्यानं वाजवेल तव्याला शाब्बास म्हनून गेला ताई त्यो. झोप न्हाई लागत मला. डोळे मिटले का शाब्बास ऐकू येतं."

बोर्डावर एक दिवा लागला. मी तो तसाच जळू दिला. बापूंना दिलेलं वचन माझ्याकडं होतं, पण ज्याच्यासाठी ते घेतलं होतं, तो माणूसच समोर मोडून पडत होता.

"भाऊ, बापूंना माहीत होतं."

त्यांनी चौकटीवरचा हात काढला.

"काय माहीत व्हतं?"

"गोटा. वहिनी. सगळं. मी आले त्या दिवशी त्यांनीच मला सांगितलं. तुम्ही चहाचं बघायला आत गेला होता तेव्हा."

"कवापासून माहीत व्हतं?"

"पहिल्या दिवसापासून असणार. चाळीस वर्षं बंदूक धरलेला माणूस."

"मंग बोलला काहून न्हाई?"

मग मी त्यांना सांगितलं. बाजेवरून खाली सोडलेल्या हाताचं. पाठीला लागायचा ते. श्वास घेतलेला कळतो म्हणाले ते. जसं आठवत होतं तसं, बापूंच्याच शब्दांत.

रामधनभाऊंनी तोंड खिडकीकडं फिरवलं. त्यांचा एक हात मागं गेला आणि स्वतःच्या पाठीवर, शर्टावर, खांद्याखाली कुठंतरी थांबला. बोर्डावरचा दिवा विझला.

"ताई," ते म्हणाले, "तुमाला सांगताना त्यो रागात व्हता का हसून बोलला?"

"हसून."

त्यांनी मान हलवली.

"दात न्हवते त्येला," ते म्हणाले. "हसला का लई लहान दिसायचा."